रूळ वळवा, खोडद सांभाळा

भिलाईकर
पावर हाउस, भिलाई

पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून नेता येणार नाही, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल, असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं आणि जुन्नर-संगमनेर भागात संताप उसळला. तो मला समजतो. आमचं पावर हाउस रेल्वेमार्गावरच वसलंय. गाडी दारात आल्याने गावाचं काय होतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तरीही या वादात मी खोडदच्या बाजूने आहे. त्याचं कारण आकाशात आहे.

जानेवारीत रात्री नऊ-दहाला दक्षिणेकडे अगस्त्य शोधा. त्याच्या उजवीकडे, वरच्या अंगाला एनजीसी १८५१ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. अंतर सुमारे ४०,००० प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि भट्ट्यांच्या उजेडात भिलाईहून तर दुर्बिणीतही मुश्किलीनेच. याच गुच्छात खोडदला एक स्पंदक तारा, म्हणजे पल्सार सापडला. पाउलो फ्रायरे, यशवंत गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो जाहीर केला. जीएमआरटीने शोधलेला हा पहिला पल्सार. सेकंदाला सुमारे २०० गिरक्या घेतो, १८.८ दिवसांत जोडीदारासोबत एक फेरी पुरी करतो. कक्षा इतकी लांबुडकी, की दोघं सर्वांत दूर असतात तेव्हाचं अंतर सर्वांत जवळच्या अंतराच्या जवळपास सतरापट भरतं. गुच्छाच्या दाटीवाटीत ताऱ्यांचे जोडीदार बदलतात, त्यातूनच अशी विलक्षण जोडपी जमतात.

पण ती हाती लागणं महाकठीण. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना चढी आणि जाताना उतरलेली ऐकू येते, तसे जोडीदाराभोवती फिरणाऱ्या या ताऱ्याचे रेडिओ-ठोके कधी दाटतात, कधी विरळ होतात. शिवाय वाटेतले इलेक्ट्रॉन कमी कंप्रतेच्या लहरींना जास्त उशीर करतात. संगणकाने उशीर आणि वेगबदलाच्या असंख्य जोड्या तपासल्या, की एखादा ठोका गोंगाटातून वर येतो.

त्यात आपणच गोंगाट वाढवला तर? विजेच्या गाडीच्या टपावर, तारेपाशी उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते. गोविंद स्वरूप यांनी पोलादी तारांच्या जाळीतून उभारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. रूळ वळवता येतो. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅटने याच गुच्छात दुसऱ्या एका पल्सारचा जोडीदार शोधला. न्यूट्रॉन तारा म्हणावा तर फार जड, कृष्णविवर म्हणावं तर फार हलका! हा गुच्छ अजून रिता झालेला नाही.

मात्र या शांततेची सगळी किंमत जुन्नरच्या शेतकऱ्याने का मोजावी? रेडिओ-गोंगाटाची मोजणी रेल्वेने आणि शास्त्रज्ञांनी गावोगावी, मराठीत, लोकांसमोर मांडावी. आणि नारायणगावच्या टोमॅटोला बाजार गाठून देणारी दुसरी पक्की सोय सरकारने आधी करावी, मगच नव्या मार्गाचं काम काढावं.