पोथीच्या शेजारी असूडही ठेवा



आमच्या गावांत वाचन नाही असं कोणी म्हटलं, की आम्हाला हसू येतं. श्रावणात पोथी लागते, सप्त्यात ज्ञानेश्वरी लागते, एक वाचतो आणि पन्नास ऐकतात. वाचायची रीत आहेच. मात्र तिथं आपल्या शेतीचं, आपल्या कर्जाचं पुस्तक कोणी उघडत नाही. म्हणून या उन्हाळ्यात, वखरणी आटोपून पावसाची वाट पाहताना, आम्ही काही मंडळींनी ओट्यावर बसून चार पुस्तकं मोठ्यानं वाचली. त्यांची ही शिफारस.

पहिलं अर्थातच जोतीराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’. नाव सगळ्यांना ठाऊक, भाषणात सगळे घेतात. पुस्तक उघडून पाहिलेले मात्र बोटावर मोजण्याइतके. हे १८८३ सालचं लिखाण. त्याची दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त छापली गेली, पुढची छापायची हिंमत झाली नाही. आपल्याच माणसांचं पत्र असून ही गत! जोतीरावांनी शेतकऱ्याच्या घरात शिरून भांडीकुंडी, गोठा, अंगावरचं कापड असं एकेक मोजून मांडलं आहे. सारा कसा वाढतो, कज्जेदलालीत माणूस कसा बुडतो, कारकून कुठं चिमटा घेतो, सगळं त्यात आहे. आणि नुसतं रडगाणं नाही. शेवटच्या प्रकरणात उपाय आहेत. पलटणीतले आणि पोलिसातले रिकामे शिपाई लावून सरकारनं बंधारे घालावेत, पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मग नदीनाल्याला मिळावं, असं ते सांगतात. पाणलोटाच्या योजना आज आपल्याला नव्या म्हणून सांगतात. कोरडवाहू कास्तकारानं हे प्रकरण दोनदा वाचावं.

सगळंच पटतं असं नाही. जोतीरावांचा राग त्या काळच्या भट-कारकुनांवर आहे. आज त्या खुर्चीवर आपल्याच भाऊबंदांची पोरं बसली आहेत, तरी चिमटा सुटलेला नाही. यावर आमच्यात वाद झाला आणि तो मिटला नाही. बैठकीतही व्हावा. शासनाच्या प्रकाशनात फुल्यांचं समग्र वाङ्मय मिळतं आणि ते स्वस्त असतं.

दुसरं पुस्तक उद्धव शेळक्यांची ‘धग’. १९६० सालची कादंबरी, आणि बोली आपली वऱ्हाडी. कौतिक नावाची बाई, नवरा शिंपी, धंदा बसलेला, आणि संसाराचा गाडा तिच्या एकटीच्या खांद्यावर. वाचणारा शिकलेला पोरगा शब्दाला अडखळला, की मागून म्हातारी त्याला तो सांगायची. असा मान आमच्या बायांना कोणत्या पुस्तकानं दिला होता? दुसऱ्या रात्री बायाच पुढं येऊन बसल्या, आम्हाला मागं सरकावं लागलं. मायबहिणींच्या बैठकीत हेच पुस्तक आधी लावा.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ ची. तिला पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, नोकरीसाठी पैसे मागणारे आहेत, आणि शेतीत तर घातलेलं बीही निघत नाही. वाचताना दोनतीन जण उठून गेले. कंटाळून नव्हे, घरचंच ऐकायचं तर ओट्यावर कशाला, असं एकजण म्हणाला. खरं आहे. पण आपल्या घरातलं दुखणं शेजारच्या घरातही आहे, हे कळल्याशिवाय माणूस बैठकीला येत नाही.

चौथं पुस्तक इंग्रजीत आहे, आणि आमची तक्रार तिथंच आहे. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातल्या कापसावर आणि दुष्काळावर १९९७ साली पुस्तक लिहिलं. आमच्यातल्या एका मास्तरांनी त्याचा मतलब सांगितला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथं भाव चढला. १८७० साली खामगावला रेल्वे आली. रेल्वे कापूस न्यायला होती. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली, घरातलं पेव रिकामं झालं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा माणसाच्या हाती ना दाणा होता ना पैसा. पाऊस तर आधीही चुकत होता; पण तेव्हा पेवात ज्वारी असायची, गुरांना कडबा असायचा. आजही पेरा ठरवताना हा हिशेब उपयोगी आहे. आपल्या बापजाद्यांची ही कथा आपण दुसऱ्याच्या भाषेत का शोधावी? मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी अशा पुस्तकांचा चाळीस पानांचा सारांश करून दिला, तर आम्ही त्यांना डोक्यावर घेऊ.

‘एकरात लाखाचं उत्पन्न’ छापाची पुस्तकंही आमच्याकडे आली होती. ती आम्ही बाजूला ठेवली. विहीर कोणाची, भांडवल कोणाचं, माल कोणत्या भावानं गेला, हे त्यांत कुठंच नाही. त्यापेक्षा कृषिमूल्य आयोगाचा खरीप हंगामाचा अहवाल वाचा. रुक्ष आहे, पण कापसाचा आणि ज्वारीचा खर्च सरकार कसा मांडतं ते त्यात छापलेलं असतं. जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलेला खर्च वेगळा आणि हमीभावासाठी धरलेला खर्च वेगळा. आपली वही शेजारी ठेवून वाचलं, की भांडायला आकडा मिळतो.

पुस्तकं महाग आहेत, हे खरं. पण १९६७ च्या कायद्यानं गावोगाव ग्रंथालयांना अनुदान मिळतं. काही ठिकाणी ते तपासणीच्या दिवशीच उघडतं. कुलूप कोणाकडं आहे ते विचारा, पुस्तकांची नोंदवही मागा, आणि पुढच्या खरेदीच्या यादीत ही नावं घालायला लावा. तोवर तालुक्याला एक प्रत पुरे. पुढच्या जिल्हा बैठकीला ज्याच्याकडे यातलं जे असेल ते त्यानं घेऊन यावं, पहिल्या पानावर गावाचं नाव लिहावं आणि दुसऱ्या तालुक्याच्या हाती द्यावं. वेचणी सुरू व्हायच्या आत ते परत आलं पाहिजे.