मुदतवाढ : नियमाने की मर्जीने?

मुंबई, प्रतिनिधी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेले अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये राज्यातील विद्यापीठ विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाले. श्रेयांक, मुख्य विषय, गौण विषय यांवर पुष्कळ चर्चा झाली. अंतर्गत मूल्यमापनाचे वाढलेले महत्त्व मात्र त्या मानाने दुर्लक्षितच राहिले. पूर्वी वर्षअखेरच्या तीन तासांत विद्यार्थ्याचे भवितव्य ठरत असे. आता ते असाइनमेंट, प्रकल्प, सादरीकरण, जर्नल अशा अनेक तारखांवर विखुरले आहे. बऱ्याच अभ्यासक्रमांत अंतर्गत गुणांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थीही एका न दिलेल्या प्रकल्पापायी मागे राहू शकतो.

अशा वेळी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, घर सोडावे लागले किंवा विद्यार्थी स्वतःच खचून गेला, तर त्याने काय करावे? उत्तर सर्वांना माहीत आहे: ‘सरांना भेट.’ सर समंजस असतील तर आठवडा मिळतो. नसतील तर डिफॉल्टर यादीत नाव लागते, अभियांत्रिकीत टर्म ग्रँट होत नाही. एकाच महाविद्यालयात, एकाच कारणासाठी, एका तुकडीला मुदतवाढ मिळते आणि शेजारच्या तुकडीला मिळत नाही. याला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण मोडायला नियमच नसतो.

हजेरीची स्थिती त्या मानाने बरी आहे. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ मध्ये ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि आजारपणासारख्या कारणाने ती कमी पडल्यास विचार करण्याची वाटही आहे. अंतर्गत चाचणी चुकली तर अतिरिक्त चाचणीची सोय अनेक ठिकाणी असते. क्रीडास्पर्धा, एनसीसी, युवा महोत्सव यांत गेलेल्या विद्यार्थ्याचे कारण तर मुकाट्याने मान्य होते. महाविद्यालयाच्या नावलौकिकात भर घालणाऱ्या कारणाला कागद मिळतो. घरातल्या कारणाला तो विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा असतो.

आणि तो कागद तरी कोणता? तापासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र आणता येते. ते किती सहज मिळते हे महाविद्यालयांनाही ठाऊक आहे, म्हणून खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. मृत्यूची गोष्ट आणखी विचित्र. मृत्यूची नोंद करण्यासाठी कायद्याने २१ दिवसांची मुदत दिली आहे. दाखला त्यानंतर मिळतो. दहावे-तेरावे गावी करून परतलेल्या मुलाकडे मात्र अर्जासोबतच दाखला मागितला जातो. ज्या गोष्टीसाठी शासन तीन आठवडे थांबते, तिच्यासाठी महाविद्यालय तीन दिवस थांबायला तयार नसते. आई-वडिलांचे भांडण, बुडालेला धंदा, नैराश्य यांचा तर कागदच नसतो. ते शिक्षकापुढे, बहुधा स्टाफरूममध्ये इतरांच्या देखत, तोंडाने सांगावे लागते. अनेक विद्यार्थी, विशेषतः मुली, त्यापेक्षा गुण गेलेले पत्करतात.

मुदतवाढ या कल्पनेचेच आपल्या व्यवस्थेला वावडे आहे, असे मात्र नाही. अतिवृष्टी झाली की पेपर पुढे ढकलल्याचे परिपत्रक त्याच दिवशी निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत टाळेबंदीचा काळ विद्यार्थ्यांची उपस्थिती म्हणून धरायला सांगितले आणि पीएच.डी. करणाऱ्यांना सहा महिने वाढवून दिले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात असाइनमेंटची अंतिम तारीख एकदा-दोनदा पुढे जाणे इतके सवयीचे आहे, की पहिली तारीख फारशी कोणी गांभीर्याने घेत नाही. संकट सर्वांवर एकदम आले तर व्यवस्था चटकन वाकते. ते एकट्यावर आले तर तिला ते दिसत नाही.

अपवाद आहेत, पण ते ठरावीक गटांपुरते. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत संशोधक महिलांना २४० दिवसांची प्रसूती रजा आणि जादा दोन वर्षे मिळू शकतात. केरळमध्ये २०२३ साली मासिक पाळीच्या कारणावरून विद्यार्थिनींना हजेरीत दोन टक्के सवलत मिळाली. एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला तर हजेरीसाठी प्रसूती रजा धरली जावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. हजेरी कमी पडल्याने परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये दिल्लीत आत्महत्या केली होती. त्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, केवळ हजेरीअभावी विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे स्पष्ट केले. या निकालाला नऊ वर्षे लागली.

प्राध्यापकांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. वाणिज्य शाखेच्या तुकडीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतात. गुण भरण्याचे पोर्टल ठरल्या तारखेला बंद होते आणि उशीर झाला तर स्पष्टीकरण शिक्षकाला द्यावे लागते. त्यातही अनेक शिक्षक तासिका तत्त्वावरचे. पुढच्या वर्षी आपलीच नेमणूक होईल की नाही हे माहीत नसलेल्या माणसाने दुसऱ्याला सवलत देण्याचा धोका का पत्करावा? रात्र जागून वेळेत काम देणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्नही आहेच. खोटी कारणे सांगणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हे सारे मुद्दे नियम असावा याच बाजूचे आहेत. निर्णय एका व्यक्तीवर सोडला की दडपणही तिच्यावरच येते आणि संशयही.

ब्रिटनमध्ये शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांना तिथे गेल्यावर याचा वेगळा अनुभव येतो. तिथल्या विद्यापीठांत यासाठी ठरलेला अर्ज असतो. तो बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे नव्हे, तर प्रशासकीय कार्यालयाकडे जातो, आणि काही विद्यापीठे थोड्या दिवसांची मुदत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखी निवेदनावरही देतात. त्या सवलतीचा गैरफायदा किती घेतला जातो, यावर तिथेही वाद आहेत. पण तो वाद नियम किती सैल असावा याचा आहे.

इथे दाद मागायची तर आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या नियमावलीनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर लोकपाल. समितीला अहवालासाठी कामकाजाचे १५ दिवस मिळतात, लोकपालांना ३०. सुट्या धरल्या तर पहिलाच टप्पा तीन आठवड्यांचा. प्रकल्पाच्या मुदतीचा प्रश्न असतो चार-पाच दिवसांचा. समितीची बैठक भरेपर्यंत पोर्टल बंद झालेले असते, आणि मग विद्यार्थ्याला मिळणारा सल्ला एकच असतो: पुढच्या सत्रात एटीकेटीचा फॉर्म भर.