विषाद आणि घरची वाणी

जगांत कटुता फार वाढली, असें वर्तमानपत्र वाचून आपण म्हणतों. परंतु त्याच मुखानें माजघरांत काय बोललें जातें, इकडे कोणाचें लक्ष असतें? लंडन येथें व्हॉन व लेफ यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या विषादग्रस्त रुग्णांचे आप्त टीकाखोर होते, त्यांचें दुखणें घरीं परतल्यावर अधिक प्रमाणांत उलटलें. म्हणून खिन्न सुनेस ‘आळशी’ अथवा मुलास ‘नेभळट’ म्हणणें म्हणजे औषधांत विष कालविणें होय. अशा वेळीं बोल आवरावा, शांतपणें ऐकावें व मनोविकारतज्ज्ञांस दाखवावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या १४४१६ या दूरध्वनीवर विनामूल्य साहाय्यही मिळतें. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. उपदेश त्यानंतर येतो, हें आम्हां वडीलधाऱ्यांनीं विसरूं नये.