शेलमधले तेल : मोजणार कोण?

कामोठ्याच्या जमिनीखाली तेल नाही. तेथे काळा कातळ आहे. तरीही प्राचीन सरोवरांच्या गाळातून घडलेल्या शेल खडकांत तेल किती, या वादात कामोठ्याला बोलण्याचा अधिकार आहे. नव्या मुंबईसाठी 1970 नंतर ज्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या, त्यांत कामोठे होते. त्या जमिनींचे मोल सरकारी कचेरीत ठरले. त्या हिशेबाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळ्या झाडल्या गेल्या. 5 जण हुतात्मे झाले. संपत्तीचे मोजमाप ज्याच्या हाती, वाटणीही त्याच्याच हाती, हा धडा या भूमीने रक्त सांडून शिकला आहे.

आज तोच खेळ शेलच्या आकड्यांनी मांडला जात आहे. खडकात असलेले तेल, तंत्राने काढता येणारे तेल आणि खर्च वजा जाता परवडणारे तेल, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने 2013 साली भारतातील शेलमध्ये 8,700 कोटी पिंपे तेल असल्याचा अंदाज दिला. त्यातील काढता येण्याजोगे तेल केवळ 380 कोटी पिंपे. म्हणजे शंभरात साडेचारही नाही! पण ढोल वाजतो तो पहिल्या आकड्याचा.

सरोवरी शेलच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. सरोवरातील गाळ थोड्या अंतरावर बदलतो. एका विहिरीचा निष्कर्ष शेजारच्या विहिरीस लागू पडेलच असे नाही. चिकणमाती जास्त असेल तर खडक फोडूनही भेगा टिकत नाहीत. तेल मेणचट असते, थंड होताच गोठते. अमेरिकेतील ग्रीन रिव्हरच्या सरोवरी शेलमध्ये 4 लाख कोटींहून अधिक पिंपे तेल असल्याचे सांगितले जाते. परंतु ते अपक्व सेंद्रिय द्रव्य आहे, भट्टीइतकी उष्णता दिल्यावाचून त्याचे तेल होत नाही. त्याच आशेवर उभारलेला कोलोरॅडोतील प्रकल्प एक्झॉन कंपनीने 2 मे 1982 रोजी बंद केला आणि दोन हजारांवर कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. अंदाज चुकला भांडवलदाराचा, चूल विझली कामगाराची!

यावर सांगितले जाते की, देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, तेव्हा घाई करा, जोखीम खाजगी भांडवल घेईल. ही जोखीम कशी असते ते बाडमेरने दाखविले आहे. तेथील मंगला क्षेत्राचे तेल सरोवरी शेलमध्येच जन्मलेले. 2004 साली केर्न कंपनीस ते सापडले. सार्वजनिक तेल महामंडळाचा वाटा 30 टक्के, पण स्वामित्वधनाचा संपूर्ण भार त्याच्याच माथी! 2011 साली केर्न वेदांतला विकली जात असताना सरकारने अट घातली, तेव्हा कुठे ही विषमता दूर झाली. तरीही 2018 साली शेलचे दार खाजगी कंत्राटदारांना उघडण्यात आले.

आमचा विरोध शोधाला नाही. कामोठ्याजवळ पनवेलला आणि डेहराडूनला महामंडळाच्या संशोधनसंस्था आहेत. मूल्यमापन त्यांनीच करावे. खडकाचे नमुने व चाचणी-विहिरींचे उत्पादन जाहीर व्हावे. एकेका विहिरीस लागणारे हजारो घनमीटर पाणी आणि जाणारी जमीन याच हिशेबात मांडली जावी. ग्रामसभेच्या संमतीवाचून खडकात छिद्रही पाडू नये.

कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी तेलाचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : हे मोजले कोणी, आणि कोणासाठी?