गुडघ्यातली 'गॅप' आणि आपली मराठी

'गुडघ्यात गॅप पडलाय', 'वंगण संपलंय', 'झीज झालीय'. चाळिशी ओलांडलेल्यांच्या बोलण्यात, आणि फळ्यापुढे उभे राहून आयुष्य काढणाऱ्या आम्हा प्राध्यापकांच्या स्टाफरूममध्ये तर विशेषच, ही वाक्ये हल्ली वारंवार येतात. क्ष-किरण चित्र काढून आलेला माणूस ती हमखास उच्चारतो. आमचा आक्षेप चित्राला नाही, त्याच्या मराठी वाचनाला आहे.

चित्रात दिसते काय? हाडातील कॅल्शियम किरणांना अडवते, म्हणून मांडीचे व नडगीचे हाड पांढरे उमटते. मधली काळी फट मात्र रिकामी नसते. तेथे कूर्चा असते. किरण तिच्यातून बव्हंशी आरपार जातात, एवढेच. दिसणाऱ्या दोन काठांवरून न दिसणाऱ्या कूर्चेचा अंदाज बांधायचा, असे हे वाचन आहे. म्हणूनच रुग्णाला शक्यतो उभे करून चित्र घेतात. निजलेल्या अवस्थेत फट फसवी रुंद दिसू शकते. कूर्चा पातळ झाली की फट अरुंद होते. म्हणजे 'गॅप पडला' हे म्हणणे वस्तुस्थितीच्या नेमके उलट!

१८९५ साली राँटजेन यांनी या किरणांना 'एक्स' म्हटले, कारण त्यांचे स्वरूप अज्ञात होते. मराठीने त्यासाठी बीजगणितातला 'क्ष' योजला. (परिभाषा शिकवताना हा दाखला अवश्य द्यावा.) त्याच मराठीने गुडघ्याला मात्र यंत्र ठरवले. चंदनाच्या झिजण्याचा आपण गौरव करतो. गुडघ्याच्या बाबतीत तोच शब्द धाक घालतो. यंत्राचा झिजलेला भाग जपून वापरायचा असतो, म्हणून 'झीज' ऐकलेली बाई फिरणे सोडते, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. वास्तविक कूर्चा जिवंत असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते आणि त्याला हालचाल लागते. बेताचे चालणे व स्नायूंचा व्यायाम हा या विकारात उपचाराचाच भाग मानला जातो.

शिवाय चित्र आणि वेदना यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही. केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये अशा चित्रांसाठी ० ते ४ अशा पायऱ्या लावून दिल्या. पण वरच्या पायरीचा माणूस बिनतक्रार हिंडताना आढळतो, खालच्या पायरीचा कण्हताना.

अहवाल इंग्रजीत आणि धास्ती मराठीत, अशी आपल्याकडे वाटणी झाली आहे. 'कूर्चा पातळ झाली आहे, पण चालणे सोडू नका' हे वाक्य काही परिभाषाकोशाच्या पुढच्या आवृत्तीसाठी अडून राहिलेले नाही.