दुसरा सातबारा



कर्ज फिटले की आपण बँकेचा निरंक दाखला घेतो, चावडीवर जातो आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घेतो. नवा उतारा हाती पडेपर्यंत चैन पडत नाही. कागदावर बोजा राहिला तर फेडलेले कर्जही थकलेलेच धरतात, हे आपण भोगून शिकलो आहोत.

आता आपल्या नावाचा दुसरा एक सातबारा तयार झाला आहे. तो चावडीवर नाही, कंपन्यांच्या संगणकात आहे. २००५ च्या कायद्याने देशात चार कंपन्या कर्जदारांची नोंद ठेवतात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क. कोणी किती कर्ज घेतले, कोणता हप्ता चुकला, सारे बँका त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये गुण पडतात. पेरणीच्या तोंडावर साहेब "तुमचे सिबिल खराब आहे" म्हणतात ते यावरून.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्य सरकारने २०२५ साली बँकांना बजावले. पण आदेश निघतो मुंबईच्या बैठकीत आणि नकार मिळतो तालुक्याच्या खिडकीवर. तिथून परतलेला शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जातो. म्हणून आपला कागद आपणच वाचला पाहिजे.

तो वाचायला पैसे पडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या हुकमाने २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. म्हणजे वर्षाला चार अहवाल. घरच्या शिकलेल्या पोरीला वा पोराला सांगा. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाईल क्रमांक देऊन तो मिळतो. तिथे पैसे भरायच्या योजनाही पुढे करतात, त्या सोडा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटत नाहीत. "सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

अहवालात चार गोष्टी पाहा. फिटलेले कर्ज बंद दाखवले आहे का? कर्जमाफीत गेलेले खाते अजून थकीत दिसते का? आपण जामीन राहिलो ते कर्ज कोणी थकवले आहे का? आणि आपण कधी घेतलेच नाही असे कर्ज नावावर चढले आहे का? एकरकमी तडजोड केली असेल तर 'सेटल्ड' असा शेरा दिसेल. तो पूर्ण फेडीइतका चांगला धरत नाहीत.

चूक सापडली तर निरंक दाखल्याची प्रत जोडून कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. त्याला शुल्क नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कर्ज नाकारले तर कारण लेखी मागा. ते देणे बँकेवर बंधनकारक आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खरी थकबाकी तक्रारीने पुसली जात नाही. कपाशी आणि ज्वारीला खर्चाइतकाही भाव मिळत नसेल तर हप्ता चुकतो. त्याचा हिशेब कुठल्याच अहवालात नसतो, आणि तो लढा वेगळा आहे. पण फेडलेल्या कर्जाचा डाग कपाळावर का वागवायचा?

मृगाची वाट पाहू नका. पाडव्याला अहवाल काढा आणि त्याच दिवशी तक्रार टाका, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत महिना भरतो आणि पेरणीआधी हाताशी वेळ राहतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना अहवाल सोबत आणा. ज्यांच्या कागदात चुका निघतील त्यांना घेऊन आम्ही एकत्रच बँकेच्या दारात जाऊ.