विश्लेषण : हौशी आइस हॉकीत पंचांनी शिट्टी कधी वाजवायची?

हॉकी म्हटले की आपल्याला टर्फ आठवते. अमेरिका आणि कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची. दिवसभर नोकरी करून रात्री दहा-अकराला रिंकवर उतरणारी प्रौढ मंडळी तिथे भरपूर आहेत. सामन्यानंतरच्या बीअरमुळे या स्पर्धांना गमतीने ‘बीअर लीग’ म्हणतात. मानधन नाही, करिअर नाही. तरीही वाद होतातच. आपल्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचाच माणूस पंच म्हणून उभा राहतो आणि निभावते. इथे पायात धारदार स्केट आणि हातात काठी असल्याने ते परवडत नाही.

नियम काय सांगतात?

एनएचएलमध्ये दोन रेफरी, दोन लाइन्समन आणि व्हिडीओची मदत असते. हौशी सामन्यात बहुधा दोनच पंच. ऑफसाइड, आयसिंग, फाउल सगळे त्यांनीच पाहायचे, तेही सुमारे २०० बाय ८५ फुटांच्या रिंकवर. दोघांचे लक्ष पककडे असताना मागे कुणी मनगटावर काठी मारली, तर ते निसटणारच.

अशा बहुतेक लीगमध्ये बॉडी चेकिंगला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन पाडण्याला, बंदी असते. पण बंदी धडकेला आहे, स्पर्शाला नाही. पकसाठी दोघे एकदम झेपावले आणि खांद्याला खांदा लागला, तर खेळ चालू. पक निघून गेल्यावर अंगावर जाणे किंवा कुणाला बोर्डवर आदळणे हा फाउल. हा फरक पंचाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवायचा असतो.

किरकोळ फाउलला २ मिनिटे बाहेर, गंभीर फाउलला ५. मारामारी झाली तर एनएचएलमधला खेळाडू सहसा ५ मिनिटांनी परततो. हौशी लीगमध्ये तो सामन्यातूनच बाद होतो. रिंक तासाच्या भाड्याने असल्याने अनेक ठिकाणी घड्याळ थांबवतच नाहीत. मग खेळ थांबला की शिक्षेचे सेकंदही फुकट निघून जातात. म्हणून काही लीग २ऐवजी ३ मिनिटांची शिक्षा देतात. हिशेब रास्त आहे.

‘खेळू द्या’ कुणासाठी?

‘पंच, जरा खेळू द्या!’ ही मागणी बहुधा तगड्या खेळाडूंकडूनच येते. एकाच सामन्यात कॉलेजात खेळलेला गडी आणि तिशीत स्केटिंग शिकलेला नवखा समोरासमोर असतात. सैल पंचगिरीचा फायदा कुणाला, हे सांगायला नको. शिवाय पाचव्या मिनिटाला सोडून दिलेला फटका विसाव्या मिनिटाला व्याजासह परत येतो, आणि पकडला जातो तो दुसराच. त्यामुळे सुरुवातीच्या मिनिटांत कडक राहणारा पंच कटकट्या वाटला तरी तोच बरोबर असतो. नवख्याचा तोल जाऊन कुणी अडखळले, तरी शिक्षा द्यावी. सोबत दोन शब्दांत समजावून सांगावे.

मात्र सगळा भार पंचावर टाकणे अन्याय्य आहे. लीगचे उत्पन्न संघांच्या शुल्कावर चालते. त्यामुळे पैसे भरणाऱ्या खेळाडूला निलंबित करणे चालकांच्या जिवावर येते. पंचाने अहवाल लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात तोच खेळाडू समोर पाहायचा, असे दोनदा झाले तर तिसऱ्यांदा अहवाल लिहिणार कोण? थोडक्या पैशांत रात्री उशिरा शिव्या खायला पंच मिळत नाहीत, ही तक्रार करणाऱ्या चालकांनी आधी ते जुने अहवाल उघडून पाहावेत.